मदत हवी आहे : पाच मित्र, शनिवारची रात्र, नेमबाजीचा गेम कोणता आणि घ्यायचा कुठून?

कांजूरचा_कॅम्पर:

नमस्कार मंडळी,

प्रश्न लांबलचक आहे. पण आधी सगळं सांगितलं नाही तर "बजेट किती?" आणि "कार्ड कोणतं?" यातच पहिले दहा प्रतिसाद जातात, म्हणून एकदाच ओततो.

आम्ही पाच जण. कॉलेजात असताना दादरच्या एका सायबर कॅफेत तासावर पैसे भरून काउंटर-स्ट्राइक खेळायचो. आता सगळे चाळिशीला टेकलोय. मी कांजूरमार्गला, एक विरारला, एक लालबागला, एक पुण्यात आणि पाचवा दुबईत. शनिवारी पोरं झोपली की साडेदहा ते साडेबारा एकत्र खेळायचं, असं ग्रुपवर ठरलंय. काय खेळायचं यावर मात्र रोज सकाळी गुड मॉर्निंगच्या फुलांखाली भांडण असतं.

मशिनांची परिस्थिती अशी: माझं आणि पुणेकराचं बरं आहे. विरारवाल्याकडे लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेला पीसी आहे. त्यात विंडोज ११ आहे, पण ते दुकानदाराने कसं टाकलंय देव जाणे. लालबागवाल्याचा लॅपटॉप ग्राफिक कार्डाशिवायचा. दुबईवाल्याकडे सगळं भारी, फक्त वेळ नाही.

आधी दुकानाचं बोलू, म्हणजे स्टीम, एपिक असल्या ऑनलाइन गेम विकणाऱ्यांचं.

विरारवाल्याचं म्हणणं, "एकाने गेम घ्यायचा, पाच जणांनी खेळायचा. स्टीमवर फॅमिली असते ना!" मी बसून नियम वाचले. स्टीम फॅमिलीज सप्टेंबर २०२४ मध्ये सगळ्यांसाठी आली, तिच्यात सहा जण बसतात. पण एक प्रत एका वेळी एकालाच चालवता येते. म्हणजे पाचांनी एकत्र खेळायचं तर पाच प्रती हव्यातच. शिवाय ही सोय एका घरातल्या माणसांसाठी आहे, दुसऱ्या देशातलं खातं त्यात बसत नाही, त्यामुळे दुबई बाद. एकदा फॅमिलीत शिरलात की बाहेर कधीही पडा, पण दुसऱ्या फॅमिलीत जायचं तर सामील झाल्यापासून वर्ष उलटावं लागतं. आणि खरी मेख वेगळीच: तुमची प्रत वापरून घरातल्या कुणी चीटिंग केलं तर त्या गेमची बंदी तुमच्यावरही येते. विरारवाल्याचा आठवीतला मुलगा यूट्यूबवर बघून काय काय डाउनलोड करतो ते ऐकल्यावर मी तरी हात जोडले.

पुणेकराचं लाडकं दुकान एपिक. डिसेंबर २०१८ मध्ये आलं, दर गुरुवारी रात्री काहीतरी फुकट देतं (मे २०२० मध्ये जीटीए ५ दिला होता, तेव्हापासून हा भक्त). त्याचा दुसरा मुद्दा असा की एपिक गेम बनवणाऱ्यांकडून फार तर १२ टक्के कापतं आणि स्टीम ३०. एक कोटी डॉलरपुढच्या कमाईवर २५, पाच कोटींपुढे २०. बनवणाऱ्यांच्या दृष्टीने बरोबर आहे, पण माझ्या खिशाला तो फरक कधी जाणवला नाही. छापील किंमत दोन्हीकडे बहुतेक वेळा तीच असते. आणि एकावेळी दोन गेम घेता यावेत म्हणून खरेदीची टोपली द्यायला ज्या दुकानाला डिसेंबर २०२१ उजाडला, त्याच्याकडून मित्रांच्या यादीची, व्हॉइस चॅटची आणि अभिप्रायांची स्टीमइतकी सोय कशी अपेक्षायची? स्टीम सप्टेंबर २००३ पासून चालू आहे. लालबागवाल्याकडे क्रेडिट कार्ड नाही. स्टीमवर रुपयातल्या किमती नोव्हेंबर २०१५ पासून आहेत आणि यूपीआय चालतं, एवढ्यावर त्याचं मत पक्कं झालंय.

पैसे परत मिळण्याचा नियम दोन्हीकडे सारखा: घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर. एकट्याने खेळायच्या गेमला हे ठीक आहे. आमचा पहिला तास "आवाज येतोय का? आता? आता येतोय का?" यात जाणार, दुसरा सेटिंग लावण्यात. लॉबीत नुसते बसलात तरी घड्याळ चालूच असतं. जीओजी हे तिसरं दुकान उदार आहे, खेळून झालं तरी ३० दिवसांत परत घेतात आणि गेमला कॉपी रोखणारं कुलूपही नसतं. पण आम्हाला हवेत तसले ऑनलाइन गेम तिथे जवळपास नाहीतच, त्यामुळे ते बाजूला.

मला अस्वस्थ करणारी गोष्ट निराळी आहे. ऑनलाइन गेम विकत घेणं म्हणजे पागडीच्या खोलीसारखं, पैसे मोजून दिले तरी मालक दुसराच. उलट पागडी परवडली, ती निदान दुसऱ्याच्या नावावर करता येते. स्टीमचं खातं तेही करू देत नाही. कॉनकॉर्ड नावाचा पाच-पाचचा नेमबाजीचा गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. तिथे लोकांना पैसे तरी परत मिळाले. द क्रू हा गाड्यांचा गेम ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद करून संपवला, तर ज्यांनी वर्षांपूर्वी विकत घेतला होता ते बसले हात चोळत. म्हणून माझा कल फुकटच्या गेमकडे आहे. निदान बुडालं तर फक्त वेळ बुडेल.

आता गेम कोणता? इथे मला तुमची खरी मदत हवी आहे.

ग्रुपवर चर्चा ग्राफिक्स, नकाशे, बंदुका यावर चालते. मला त्यातलं काहीच महत्त्वाचं वाटेनासं झालंय. आमच्यातला सगळ्यात कच्चा गडी मेल्यावर किती वेळ नुसता बघत बसतो, एवढंच मी मोजतो. काउंटर-स्ट्राइक २ फुकट आहे, पण एक राउंड १ मिनिट ५५ सेकंदांपर्यंत चालतो, बॉम्ब लागला तर वर ४० सेकंद. लालबागवाला पहिल्या पंधरा सेकंदांत पडतो (नेहमी, आणि नेहमी त्याच दारातून जाऊन). मग उरलेला वेळ तो आमच्या खांद्यावरून बघत सूचना देतो. असे तेरा राउंड जिंकेपर्यंत. त्यात राउंड हरला की पैसे कमी, पैसे कमी की पुढच्या राउंडला पिस्तूल, पिस्तूल की पुन्हा हार. विशीत याचीच मजा होती. आता शनिवारी रात्री हे करून माणूस पुढच्या शनिवारी येत नाही. व्हॅलोरंटचा साचा तोच. राउंड १०० सेकंदांचा, १३ राउंड जिंकायचे, वर प्रत्येक पात्राच्या करामती पाठ करायच्या.

दुसरी अडचण संख्येची. एपेक्समध्ये तिघांची टोळी, हेलडायव्हर्स २ मध्ये चार, लेफ्ट ४ डेड २ मध्ये चार. पाचव्याने काय धावतं समालोचन करायचं?

तिसरी, मध्येच उठावं लागण्याची. एकाची मुलगी वर्षाची आहे. रडली की बाप उठणार. बहुतेक स्पर्धात्मक मोडमध्ये मध्येच गेलं की दंड लागतो, काही वेळ खेळायला बंदी.

एक अवांतर: समान कौशल्याच्या लोकांशी जोडी लावण्यावर नेटवर फार शिव्या पडतात. एक्सडिफायंट हा गेम तर "साध्या सामन्यांत आम्ही तसं करणार नाही" असं मिरवत मे २०२४ मध्ये आला, जून २०२५ मध्ये बंद पडला. बंद पडायची कारणं बरीच असतील. पण मला वाटतं शिव्या देणाऱ्यांना आमच्यासारखी बकरं कापायला हवी असतात. आम्ही बकरं आहोत, आम्हाला जोडी लावलेलीच बरी.

तर जाणकारांनो: पाच जण एकत्र, मेल्यावर लगेच परत, जुन्या लॅपटॉपवर चालेल, आणि दुबई-मुंबई नेटवर जमेल असं काय आहे? व्हॅलोरंट अगदीच सोडून द्यायचं का? विरारवाल्याने ते टाकून बघितलं तर सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू करा असा संदेश आला आणि तो घाबरून बसलाय.

झोपाळू_स्नायपर:

वाचतोय. आमच्यात चार आणि एक "येतो येतो" म्हणणारा.

वर्सोव्याची_वायर:

कॅम्परभाऊ, आधी पिंगचं बघा (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ), गेम नंतर. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ या दोन्हींचे सर्व्हर मुंबईत आहेत. समुद्राखालच्या केबली वर्सोव्याला आणि प्रभादेवीला किनाऱ्याला लागतात, मोठी डेटा सेंटरं ऐरोली-महापे पट्ट्यात. थोडक्यात तुम्ही उगमावरच राहताय. तरी लॅग येत असेल तर घरातल्या वायफायला धरा. राउटर हॉलमध्ये आणि तुम्ही आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती आणि फ्रिज. लॅनची केबल ओढा, बायकोला दिसू नये म्हणून दाराच्या पट्टीखालून.

जे गेम तुम्हाला सिंगापूरला टाकतात ते टाळा. मुंबई-सिंगापूर सरळ रेषेत साधारण ३,९०० किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद ही निसर्गाचीच मर्यादा. केबल सरळ जात नाही, मध्ये यंत्रं येतात, म्हणून हातात ६० किंवा जास्तच पडतात.

आणि "भिंतीआड गेलो होतो तरी मेलो" ही तक्रार तुमच्याकडे लवकरच येईल. तो सर्व्हरचा घोळ नसतो, ठरवून केलेलं असतं. गोळी झाडणाऱ्याने त्या क्षणी पडद्यावर काय पाहिलं होतं, तिथपर्यंत सर्व्हर काळ मागे नेतो आणि नेम लागला का ते ठरवतो. नाहीतर ज्याची पिंग जास्त त्याला कुणालाच मारता येणार नाही. याचा उलटा परिणाम असा की कोपऱ्यातून झटकन बाहेर येणाऱ्याला किंचित फायदा मिळतो आणि दबा धरून बसलेल्याचा, म्हणजे कॅम्परचा, तोटा. तुमचं नाव बघता सांगावंसं वाटलं.

व्हॅलोरंटचे सर्व्हर १२८ टिकचे, म्हणजे जग दर ७.८ मिलिसेकंदांनी ताजं होतं. काउंटर-स्ट्राइक २ ने टिकच्या मधली वेळही नोंदवायची पद्धत आणली. तुमच्या वयाला आणि त्या लॅपटॉपला यातलं काही कळणार नाही, तेव्हा त्यावरून भांडू नका.

एक महत्त्वाचं: व्हॅलोरंटचं खातं ज्या विभागात नोंदलेलं असेल त्याच विभागातल्यांशी खेळता येतं. मुंबई आशिया-पॅसिफिकमध्ये मोडते. दुबईवाल्याने खातं कुठे असताना उघडलं ते विचारा.

कांजूरचा_कॅम्पर:

विचारलं. दुबईत, मागच्या वर्षी. आमच्या मित्रयादीत दिसतो, पण टोळीत घेता येत नाही, याचं कारण आत्ता कळलं. धन्यवाद. (केबलीचा मार्गही घेतला. दाराच्या पट्टीखाली आधीच टाटा स्कायची तार आहे.)

गावदेवीचा_गणपत:

चाळिशीत गेम, चालू द्या. पण ऑनलाइन गेमिंगवर सरकारने बंदी आणली ना? उद्या पोलीस आले म्हणजे?

हेडशॉट_मावशी:

गणपतराव, ऑगस्ट २०२५ चा कायदा पैसे लावून खेळायच्या गेमांवर आहे. पैसे लावायचे, जिंकायचे, ते बंद. ई-स्पोर्ट्सना त्याच कायद्यात वेगळी मान्यता आहे. तुम्हाला आठवतेय ती सप्टेंबर २०२० ची पबजी मोबाइलवरची बंदी. ती चिनी ॲपांबरोबर आली होती, हिच्याशी तिचा संबंध नाही.

आता कॅम्परदादा, तुम्हाला. तुम्ही प्रश्न अगदी नेमका धरलाय पण उत्तर नव्या गेमांत शोधताय. टीम फोर्ट्रेस २ बघा. २००७ चा गेम, जून २०११ पासून फुकट, फक्त स्टीमवर, म्हणजे दुकानाचं भांडण आपोआप मिटलं. बारा विरुद्ध बारा, टोळीत सहा जणांपर्यंत, तेव्हा पाच सहज बसतात. मेलं की काही सेकंदांत परत मैदानात. कुणी मध्येच उठून गेला तर चोवीसातला एक कमी, सामना पडत नाही. कार्टूनसारखी चित्रं आहेत, त्यामुळे कार्डाशिवायच्या लॅपटॉपवरही सेटिंग खाली ओढून चालून जातो.

पण मुख्य कारण पात्रांचं. नऊ प्रकारचे गडी आहेत आणि त्यातल्या निम्म्यांना नेमाची फारशी गरजच पडत नाही. मेडिक नळी धरून मित्राच्या मागे पळतो, नळी आपोआप चिकटून राहते. इंजिनिअर तोफ बांधतो, ती स्वतःच गोळ्या झाडते, हा पाना घेऊन तिला ठोकत बसतो. तुमच्या लालबागच्या मित्राला इंजिनिअर करा. त्याच दारात तोफ लावू दे, ज्यातून तो नेहमी मरतो. दुसऱ्यांना मरू दे.

माझी नजर आता चष्म्याची आहे. मी मुलाबरोबर ओव्हरवॉच खेळते आणि मर्सी हे पात्र घेऊन त्याला बरं करत फिरते. आमच्या जोडीत शिव्या त्याला पडतात आणि आभार मला. तोही पर्याय आहे: पाच-पाचचा, ऑक्टोबर २०२२ पासून फुकट, ऑगस्ट २०२३ पासून स्टीमवरही मिळतो. फक्त स्टीमवरून घेतलात तरी बॅटलनेटचं (ओव्हरवॉचवाल्यांच्या स्वतःच्या दुकानाचं) खातं वेगळं काढावंच लागतं. आणि त्या लॅपटॉपवर तो कण्हेल.

टीएफ २ च्या दोन गोष्टी आधीच सांगते, मग मला बोल नको. एक, तिथे बॉटांनी (माणसाशिवाय खेळणाऱ्या प्रोग्रॅमांनी) वर्षानुवर्षं उच्छाद मांडला होता, त्यावर खेळाडूंनी २०२२ आणि २०२४ मध्ये मोहिमा चालवल्या. आता बरंच बरं आहे. दोन, याच भानगडीमुळे २०२० पासून फुकट खात्यांना सामन्यात बोलता किंवा लिहिता येत नाही. गेमच्या दुकानातून एखादी छोटी वस्तू घेतली की खातं प्रीमियम होतं आणि तोंड उघडतं. नाहीतर स्टीमचं स्वतःचं व्हॉइस चॅट वापरा.

कांजूरचा_कॅम्पर:

मावशी, दंडवत. हे आमच्या पाचांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. व्हॉइसचं दुबईवाल्याला बघायला सांगतो, तिकडे व्हॉट्सॲप कॉल लागत नाही, स्टीमचं चालतं का ते तो तपासेल.

व्हॅलोरंट मात्र पूर्ण सोडवत नाही, कारण विरारवाल्याला पोराबरोबरही खेळायचंय. त्या सिक्युअर बूटचं कुणी सांगेल का? बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरून नुसतं चालू केलं तर मशीन उठेल ना?

लॅमिंग्टनचा_लाईनमन:

नुसतं चालू करू नका! आधी स्टार्टमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडून बायोस मोडसमोर काय लिहिलंय ते बघा. यूईएफआय, म्हणजे नवी पद्धत, असेल तर काम सोपं, बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट आणि टीपीएम (सुरक्षेची चिप) चालू करायचं. लेगसी लिहिलं असेल तर दुकानदाराने जुन्या पद्धतीने विंडोज टाकलंय आणि डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची आहे. तशात बायोसचा मोड बदललात तर विंडोज उठणारच नाही. त्यासाठी विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाची सोय आहे, डेटा न पुसता डिस्क बदलते. तरी आधी फोटोबिटो बाहेरच्या डिस्कवर घ्या. आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, बूटच्या सेटिंगला हात लावला की विंडोज ती मागू शकतं.

बदलल्यावरही एक लक्षात ठेवा: व्हॅलोरंटचा चीटिंग पकडणारा पहारेकरी विंडोजबरोबरच सुरू होतो आणि कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, बसतो. घरच्या मशीनवर ठीक आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर चुकूनही टाकू नका. पोराबरोबर खेळायचं तर त्यातले स्विफ्टप्ले किंवा टीम डेथमॅच हे मोड घ्या. स्विफ्टप्ले पाच राउंड जिंकले की संपतो, डेथमॅचमध्ये मेलं की लगेच परत.

कांजूरचा_कॅम्पर:

विरारहून फोटो आला. लेगसीच निघालं. रविवारी त्याच्याकडे जाऊन करतो, त्याला फोनवर सांगण्यात अर्थ नाही.

या शनिवारी टीएफ २. लालबागवाल्याने डाउनलोड लावलाय, इंजिनिअर व्हायला तयार आहे. दुबईत स्टीमचं व्हॉइस लागलं. पुणेकर म्हणतोय की हा गेम एपिकवर असता तर बरं झालं असतं. आता एकच वाद उरलाय, मेडिक कुणी व्हायचं. पाचही जणांचं उत्तर "मी नाही" असं आलंय.

हेडशॉट_मावशी:

साडेदहाला मला टोळीत घ्या. सहावी जागा रिकामी आहे.